साथ, शास्त्र आणि अविश्वासाची जात

साथीच्या काळात लोक शास्त्रावर विश्वास का ठेवत नाहीत, या प्रश्नाला आपल्याकडे एक ठरलेले उत्तर आहे. लोक अडाणी आहेत. हे उत्तर देणारा माणूस बहुधा शिकलेला, पांढरपेशा आणि वरच्या जातीतला असतो. याच माणसाला १८९७ सालच्या पुण्यातील प्लेगविषयी विचारून पाहावे. त्या वेळी पुण्याच्या पेठांनी सरकारी तपासणीला, इस्पितळाला आणि विलगीकरणाच्या छावणीला जो विरोध केला त्याला तो अडाणीपणा म्हणणार नाही. तो त्याला स्वाभिमान म्हणेल, धर्माभिमान म्हणेल, देशभक्ती म्हणेल. म्हणजे शास्त्राला दिलेला नकार झोपडपट्टीतून आला की ते अज्ञान ठरते आणि वाड्यातून आला की ती क्रांती ठरते. अविश्वासालाही आपल्याकडे जात आहे. ती त्याला कुणी चिकटवली याचा शोध घेऊ लागलो, की आपण मराठी साहित्याने आणि मराठी इतिहासलेखनाने सांगितलेल्या प्लेगच्या गोष्टीपाशी येऊन पोचतो. त्या गोष्टीची चिकित्सा करणे हा या लेखाचा हेतू आहे.

मी ज्या पिंपरी-चिंचवडमध्ये शिकवतो तिथे ही गोष्ट भर चौकात उभी आहे. चिंचवड हे चापेकर बंधूंचे गाव. त्यांच्या नावाचा चौक आहे, चौकात पुतळा आहे. माझ्या वर्गातली मुले चाकणच्या कारखान्यांत रात्रपाळी करून सकाळी तासाला बसतात. त्यांतल्या बहुतेकांना २२ जून १८९७ ही तारीख पाठ असते. त्या रात्री गणेशखिंड रस्त्यावर रँडवर गोळी झाडली गेली. १० मार्च १८९७ ही तारीखही आपल्या वस्त्यांतल्या मुलांना ठाऊक असते, कारण त्या दिवशी सावित्रीबाई फुल्यांच्या स्मृतिदिनाचे फलक लागतात. पण या दोन्ही तारखा एकाच वर्षातल्या, एकाच शहरातल्या आणि एकाच साथीतल्या आहेत, हे फारच थोड्यांच्या लक्षात आलेले असते. एका साथीच्या दोन गोष्टी आपण दोन वेगळ्या फडताळांत ठेवल्या आहेत. एक देशाच्या, दुसरी आपल्या समाजाच्या. त्या एकत्र वाचल्या तर काय होते ते पाहू.

१८९६ च्या सप्टेंबरात मुंबईत मांडवी भागात प्लेग सापडला. ऑक्टोबरच्या अखेरीस गिरणी कामगारांच्या जमावाने आर्थर रोडच्या इस्पितळावर हल्ला केला. इस्पितळात नेलेला माणूस परत येत नाही, त्याच्या अंगातून मोमियाईचे तेल काढतात, अशा वावड्या कामगारवस्तीत होत्या. ४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथीच्या रोगांचा कायदा झाला आणि सरकारी अधिकाऱ्याला कुणाच्याही घरात शिरण्याचा, माणसे वेगळी काढण्याचा आणि सामान जाळण्याचा अधिकार मिळाला. ९ फेब्रुवारीला मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे गेले. गिरणी कामगारांची पहिली संघटना बांधणारा हा सत्यशोधक प्लेगपीडितांसाठी धडपडत असताना प्लेगनेच गेला. महिन्याभराने, १० मार्चला, सावित्रीबाई गेल्या. आणि १३ मार्चला रँडच्या प्लेग कमिटीने लष्कराच्या तुकड्या घेऊन पुण्यात घरोघरची झडती सुरू केली.

या तारखांचा क्रम मुद्दाम दिला आहे. मराठी वाचकाच्या मनातली प्लेगची गोष्ट १३ मार्चला सुरू होते. गोरे सोजीर पेठेत शिरले तिथून ती सुरू होते आणि २२ जूनला किंवा फार तर फाशीपाशी संपते. त्याच्या आधीच सत्यशोधक चळवळीने या साथीत आपली दोन मोठी माणसे गमावली होती. त्यांना कुणी मारले नव्हते आणि त्यांनीही कुणाला मारले नव्हते. म्हणून ती गोष्टीत बसत नाहीत.

रँडच्या कमिटीने केले ते निर्दोष होते असे म्हणण्याचे कारण नाही. झडत्या झाल्या, स्त्रियांची उघड्यावर तपासणी झाली, लोकांचे सामानसुमान रस्त्यावर आणून जाळले गेले. पंडिता रमाबाईंनी मे महिन्यात सरकारी प्लेग इस्पितळातल्या स्त्रियांच्या हालांविषयी जाहीरपणे वृत्तपत्रात लिहिले. गोपाळ कृष्ण गोखल्यांनी विलायतेत सैनिकांच्या अत्याचाराविषयी विधान केले आणि पुढे पुरावा उभा करता आला नाही म्हणून त्यांना माफी मागावी लागली. जुलूम होता. प्रश्न असा आहे की, त्या जुलमातला कोणता भाग गोष्टीत राहिला आणि कोणता गळाला.

राहिला तो विटाळ. सोजीर बूट घालून स्वयंपाकघरात शिरला, देवघरात शिरला, सोवळे मोडले. दामोदर चापेकराने तुरुंगात लिहिलेले आत्मवृत्त या दृष्टीने वाचण्यासारखे आहे. त्यात इंग्रजांवर जितका राग आहे तितकाच सुधारकांवर आणि धर्मांतर केलेल्यांवर आहे. सुधारक म्हणजे धर्म बुडवणारे, हा त्याचा पक्का सिद्धांत. मुंबईतल्या व्हिक्टोरिया राणीच्या पुतळ्याला डांबर फासल्याचे तो सांगतो आणि सुधारकांना धडा शिकवल्याचेही त्याच आवेशाने सांगतो. त्याच्या धैर्याविषयी शंका घेण्याचे कारण नाही. तिघे भाऊ आणि त्यांचा साथीदार रानडे फासावर गेले, हे साधे नाही. पण ज्या मनाने हे पुस्तक लिहिले त्या मनाला प्लेग हा रोग म्हणून दिसतच नाही. प्लेगने मेलेली माणसे त्याला दिसत नाहीत. पुण्यातल्या त्या साथीत दोन हजारांवर माणसे गेली. ती कोणत्या पेठेत मेली, कोणत्या वाड्यात, कोणत्या महारवाड्यात, याचे त्याला सुतक नाही. रमाबाईंची साक्ष तर या परंपरेला कधीच लागली नाही. ती बाई ख्रिस्ती झालेली होती, म्हणजे दामोदरच्या हिशेबाने शत्रूच्याच बाजूची.

१९७९ साली नचिकेत आणि जयू पटवर्धन यांनी या विषयावर चित्रपट काढला. त्याने चापेकरांचा कर्मठपणा झाकला नाही, हे त्याचे श्रेय. पण त्याचे नावही ‘२२ जून १८९७’ असेच आहे. साथ पार्श्वभूमीला, गोळी पुढे. असो.

आता हीच झडती महारवाड्याच्या बाजूने पाहा. घरात परक्याने शिरणे हा पेठेतल्या माणसाला जन्मातला पहिला अपमान होता. महाराच्या झोपडीत पाटील, कुलकर्णी, फौजदार यांच्यापैकी कोण विचारून शिरत होते? दहा-बारा दिवस गावाबाहेरच्या छावणीत वेगळे राहावे लागणे पेठेला असह्य झाले. महारवाडा ही ताप नसताना पिढ्यान् पिढ्या चाललेली विलगीकरणाची छावणीच होती. गावाच्या हद्दीबाहेर, वाऱ्याच्या दिशेचाही विचार करून वसवलेली, आणि तिच्यातून सुटी होण्याची तारीख नसलेली. शिवू नये, जवळ येऊ नये, पाणी वरून ओतावे, हे नियम तिथे कोणत्या डॉक्टरने घातले नव्हते. २०२० साली अंतर राखण्याचा सरकारी हुकूम निघाला तेव्हा आपल्याकडच्या काही विद्वानांना एकदम साक्षात्कार झाला की, आपल्या पूर्वजांचे सोवळे-ओवळे हे आरोग्यशास्त्रच होते. हे ज्यांनी लिहिले त्यांनी एवढाही विचार केला नाही की, शास्त्रातले अंतर रोग असेपर्यंत असते आणि दोघांनाही सारखे असते. महाडला १९२७ साली चवदार तळे आपल्या माणसांच्या स्पर्शाने बाटले म्हणून सनातन्यांनी त्यात शेण-गोमूत्राच्या घागरी ओतल्या. हे यांचे जलशुद्धीकरण. २०२० च्या मार्चमध्ये दिल्लीत हिंदू महासभेने कोरोनावर उपाय म्हणून गोमूत्रपानाचा सोहळा केला, तेव्हा मला त्या घागरी आठवल्या.

मुंबईच्या प्लेगमध्ये आणखी एक गोष्ट घडली आणि ती साहित्यात कुठेच नाही. आर्थर रोडच्या हल्ल्यानंतर पालिकेने आपले कडक उपाय सैल केले. त्यामागे दंग्याची भीती होतीच, पण त्याहून मोठी भीती वेगळी होती. मैला उचलणारे हलालखोर आणि बिगारी शहर सोडून पळाले तर काय करायचे? पालिका आयुक्त स्नो यांना ही चिंता लागून राहिली होती. ते गेले तर मुंबई राहण्याजोगी उरणार नाही, हे सरकारला पक्के कळत होते. शास्त्र, कायदा, लष्कर हे सगळे ज्यांच्या खांद्यावर उभे होते त्यांची जात कोणती होती, हे सांगायला नको. ज्यांना आवाज होता त्यांनी जातवार इस्पितळे मिळवली. मुंबईत एकेका समाजाची इस्पितळे निघाली, पुण्यात हिंदूंचे वेगळे इस्पितळ निघाले. म्हणजे शास्त्र शेवटी नमले, पण ते जातीपुढे नमले. भंग्याच्या वाट्याला यातून काय आले? झाडू होताच, तो राहिला.

इथे एक गैरसमज होण्याचा संभव आहे. शास्त्र बरोबर होते आणि लोक चूक होते, अशी ही मांडणी नाही. १८९७ सालचे शास्त्र स्वतःच अंधारात चाचपडत होते. प्लेगचा जंतू १८९४ साली हाँगकाँगला येर्सिनने दाखवला होता, पण तो उंदरावरच्या पिसवेतून माणसात येतो हे कुणाला ठाऊक नव्हते. सिमाँ या फ्रेंच डॉक्टराने ते १८९८ साली कराचीत दाखवले आणि त्याचे म्हणणे मान्य व्हायला आणखी काही वर्षे गेली. म्हणजे रँडचे लोक भिंती खरवडत होते, जमिनी उकरत होते, औषधे शिंपडत होते, त्या वेळी रोगाचे खरे वाहन त्यांच्या पायाखालून शेजारच्या घरात पळत होते. अज्ञान दोन्हीकडे होते. एका बाजूच्या अज्ञानाजवळ बंदूक होती एवढाच फरक.

लसीचेही तसेच. हाफकिनने १० जानेवारी १८९७ रोजी मुंबईत ती प्रथम स्वतःच्या अंगात टोचून घेतली. याबद्दल त्याला मानलेच पाहिजे, हुकूम काढणाऱ्यांनी आधी स्वतःवर प्रयोग केल्याची उदाहरणे फार नाहीत. पण त्यानंतर लस टोचली गेली ती भायखळ्याच्या तुरुंगातल्या कैद्यांना. आणि १९०२ साली पंजाबातल्या मलकोवाल गावी एकाच बाटलीतली लस टोचलेली १९ माणसे धनुर्वाताने मेली. दोष हाफकिनच्या प्रयोगशाळेवर आला, त्याला पदावरून दूर व्हावे लागले. तो निर्दोष असल्याचे सिद्ध व्हायला १९०७ साल उजाडले. या घटनेनंतर पंजाबातला शेतकरी सुईला भ्याला असेल तर त्याला अडाणी म्हणणाराच अडाणी. शास्त्र चुकते, आणि आपली चूक तपासून सांगते, हेच त्याचे बळ आहे. जो ते देवासारखे पुढे करतो तो त्याची हानी करतो, कारण देव एकदा खोटा निघाला की भक्त दुसऱ्या देवाकडे जातो.

आपल्या समाजाने असे देव पाहिले आहेत. पटकी आली की मरीआईचा कोप समजायचा. गावाने वर्गणी काढायची, मरीआईचा गाडा सजवायचा आणि तो वाजतगाजत शिवेबाहेर, म्हणजे दुसऱ्या गावाच्या दारात, नेऊन सोडायचा. या देवीचे पुजारीपण महार-मांगांकडे होते. विठोबाच्या गाभाऱ्यात पाऊल ठेवायची बंदी, पण रोगाची देवी मात्र आमच्या गळ्यात! आसूड ओढणारा पोतराज आमचा. बेबीताई कांबळे यांच्या १९८६ साली पुस्तकरूपाने आलेल्या ‘जिणं आमुचं’मध्ये आषाढातल्या विधींचे, अंगात येणाऱ्या बायांचे वर्णन आहे. ते कौतुकाने केलेले नाही. त्यात राग आहे आणि करुणाही आहे. या व्यवस्थेने आमच्या माणसांना काय करून ठेवले, हे त्या लेखिकेला पुरते कळलेले आहे. बाबासाहेबांच्या चळवळीने मेलेले ढोर ओढणे टाकायला लावले, मरीआई टाकायला लावली, १९५६ साली नवा धम्म दिला. म्हणून दलिताच्या दृष्टीने बुद्धिप्रामाण्य ही परदेशातून आलेली चैनीची वस्तू नव्हे. तो त्याचा मुक्तीचा रस्ता आहे. पेठेला शास्त्र नाकारून स्वाभिमान मिळवता आला. आपल्याला तो मिळाला देवी नाकारून. लोकांचा अविश्वास म्हणजे लोकांचे शहाणपण, असा जो एक नवा सूर अलीकडे विद्यापीठीय चर्चासत्रांत ऐकू येतो, त्यात आपल्याला सूर मिसळता येणार नाही तो यामुळेच. पोतराजाच्या पाठीवरचे वळ ज्यांनी पाहिले नाहीत त्यांना त्या आसुडात ‘लोकज्ञान’ दिसू शकते.

मग २०२१ साली आपल्याच वस्त्यांत लस घ्यायला माणसे का बिचकली?

पिंपरी हे औषधाचे गाव आहे. हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा सरकारी कारखाना इथे १९५४ साली स्थापन झाला आणि १९५५ पासून पेनिसिलीन तयार करू लागला. पुढे इतर कारखाने आले, १९७२ च्या दुष्काळानंतर मराठवाड्यातून माणसे आली आणि वस्त्या वाढल्या. या वस्त्यांतला माणूस औषधाला भीत नाही. उलट डॉक्टरने सुई टोचली नाही तर पैसे फुकट गेले असे तो समजतो. थोडा अशक्तपणा आला तरी सलाईन लावून द्या म्हणतो. डॉक्टर खरा शिकलेला आहे की नाही याचीही तो फारशी चौकशी करत नाही. सुईवर एवढी श्रद्धा असलेली वस्ती नेमकी सरकारी, फुकट मिळणाऱ्या सुईला घाबरली. याला विज्ञानाविषयीचा अविश्वास म्हणणे म्हणजे प्रश्न न समजणे होय. बाटलीतले औषध त्याला परके नव्हते. बाटली घेऊन आलेला हात त्याने याआधी पाहिलेला होता.

तो हात त्याने कुठे कुठे पाहिला होता? अतिक्रमणाच्या गाडीबरोबर पाहिला होता. २०२० च्या टाळेबंदीत गल्लीच्या तोंडाला पत्रे ठोकताना पाहिला होता. दहा बाय दहाच्या खोलीत सहा माणसे आणि संडास सार्वजनिक, अशा ठिकाणी ‘घरीच राहा, अंतर ठेवा’ असे भोंग्यावरून सांगताना पाहिला होता. लस घेतली की मूल होत नाही, ही वावडी वस्तीत फिरली तेव्हा माझे काही सहकारी हसले. ते हसू शकले, कारण त्यांच्या घरात १९७६ सालची आठवण नाही. आणीबाणीत सोलापूर जिल्ह्यातल्या बार्शीत रस्त्यावरून माणसे उचलून त्यांची नसबंदी केली गेली. त्याच वर्षी महाराष्ट्राच्या विधिमंडळाने सक्तीच्या नसबंदीचे विधेयक मंजूर केले. राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही म्हणून ते अंमलात आले नाही. आज्याने सांगितलेली ती गोष्ट नातवाच्या भ्रमणध्वनीवर नवे कपडे घालून आली. वावडी खोटी होती. तिची आई खरी होती.

शिवाय एक साधा हिशेब होता. लस घेतल्यावर एक-दोन दिवस ताप येतो, हे डॉक्टरच सांगत होते. कंत्राटी हेल्परला ताप म्हणजे खाडा आणि खाडा म्हणजे त्या दिवसाचा पगार गेला. कायम कामगाराला रजा होती. हा हिशेब न करता लसीकरणावर जी व्याख्याने झाली ती ऐकणाऱ्याने एका कानाने ऐकली आणि दुसऱ्याने सोडून दिली.

हडपसरचा उल्लेख इथे केला पाहिजे. देशाला कोविशील्ड पुरवणारी सिरम इन्स्टिट्यूट हडपसर-मांजरी भागात आहे. १६ जानेवारी २०२१ रोजी देशात लसीकरण सुरू झाले. पाच दिवसांनी, २१ जानेवारीला, सिरमच्या मांजरीच्या आवारात बांधकाम चालू असलेल्या इमारतीला आग लागून पाच मजूर मेले. लस सुरक्षित आहे, एवढी बातमी लगेच आली. ती खरी होती आणि देशाला ती हवीही होती. पण त्या बातमीची वाक्यरचना कामगारवस्तीने बरोबर वाचली. १ मे २०२१ पासून अठरा ते चव्वेचाळीस वयाच्या लोकांना लस खुली झाली, पण आधी संकेतस्थळावर नोंदणी सक्तीची. वेगवान इंटरनेट आणि चपळ बोटे असलेल्यांनी जागा पटकावल्या. मोटारी घेऊन ते खेड्यांतल्या आरोग्य केंद्रांपर्यंत गेले. खाजगी इस्पितळांत पैसे मोजून लस होती. त्या महिन्यांत लसीवर अविश्वास दाखवण्याचीही सोय वस्तीला नव्हती, कारण लसच नव्हती. नंतर साठा आला, आकडे गाठायचे ठरले, आणि तीच वस्ती ‘लस न घेणारी’ म्हणून वर्तमानपत्रांत आली.

मग सक्ती. नोव्हेंबर २०२१ मध्ये तेव्हाच्या औरंगाबाद जिल्ह्यात आदेश निघाला की, किमान एक मात्रा घेतल्याशिवाय रेशन आणि पेट्रोल मिळणार नाही. पेट्रोलचे सोडा. रेशनवर कोण जगते? १८९७ च्या कायद्याचाच आधार २०२० मध्येही घेतला गेला होता. सव्वाशे वर्षांत सरकारला नवा मार्ग सुचला नाही. २ मे २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, कुणालाही लस घेण्याची बळजबरी करता येणार नाही. तोवर ज्याची अडवणूक व्हायची ती होऊन गेली होती. गंमत अशी की, रँडच्या झडतीवर दरवर्षी २२ जूनला भाषणे देणाऱ्यांपैकी कुणी या रेशनच्या अडवणुकीवर बोलल्याचे मी ऐकले नाही.

आपल्या घराकडेही पाहिले पाहिजे. २०२० च्या सुरुवातीला रामदास आठवले यांनी गेट वे ऑफ इंडियापाशी ‘गो कोरोना’चा घोष केला. पँथरमधून आलेला, बाबासाहेबांचे नाव घेणारा केंद्रीय मंत्री! देश हसला आणि आपणही त्याच्याबरोबर हसलो. मला त्या घोषणेत मरीआईच्या गाड्याचा आवाज ऐकू आला. रोगाला ओरडून शिवेबाहेर घालवायचे. आपल्या विहारांतून धम्मावर प्रवचने पुष्कळ होतात. साथीच्या त्या दोन वर्षांत किती विहारांनी एखाद्या डॉक्टरला बोलावून लोकांच्या शंकांना उत्तरे दिली? काहींनी दिली, आणि तिथे फरक पडला. पण चळवळीने म्हणून हे काम अंगावर घेतले नाही. मोकळी जागा बुवांनी घेतली. २०२२ च्या अखेरीस मुंबईत गोवंडीच्या वस्त्यांत गोवराने मुले दगावली. गोवराची लस जुनी, खात्रीची. पण साथीच्या दोन वर्षांत नेहमीचे लसीकरण मागे पडले होते आणि कोविडच्या लसीबद्दलचा संशय तिच्याही अंगाला चिकटला होता. अविश्वासाची किंमत शेवटी तान्ही पोरे देतात, आणि ती पेठेतली नसतात.

सावित्रीबाईंकडे परत येऊ. त्यांचे मरण आपण वात्सल्याच्या चौकटीत बसवले आहे. कॅलेंडरवरची माउली, पाठीवर मूल. ही चौकट सवर्ण साहित्याने दिलेली आहे आणि आपण ती तशीच भिंतीवर टांगली. मुळात काय घडले? त्यांचा दत्तक मुलगा यशवंत हा शिकलेला डॉक्टर होता. त्याने पुण्याबाहेर, हडपसरजवळच्या ससाण्यांच्या माळावर, रुग्णांसाठी दवाखाना उघडला. मुंढव्याच्या महारवाड्यातल्या पांडुरंग बाबाजी गायकवाड यांच्या मुलाला प्लेगची गाठ आली, तेव्हा सावित्रीबाई त्याला पाठीवर घेऊन या दवाखान्यात आल्या आणि तिथेच त्यांना लागण झाली. विलगीकरण रँडने केले तसे यांनीही केले; दवाखाना वस्तीपासून दूर माळावरच होता. वैद्यकही तेच पाश्चात्त्य वैद्यक. मात्र इथे महारवाड्यातल्या आईबापांनी आपले पोर हातचे सोडले ते कोणत्या विश्वासाने? या बाईने अर्ध्या शतकापूर्वी पोरींना शिकवायला सुरुवात केली होती, दगड-शेण खाल्ले होते, आपल्या घरचा हौद अस्पृश्यांना खुला केला होता. प्लेग आला त्या दिवशी ती पहिल्यांदा वस्तीत आलेली नव्हती. रँड पहिल्यांदाच आला होता. आणि ज्या महारवाड्यात सावित्रीबाई गेल्या तिथे दामोदर चापेकर कधी गेला नसता.

हे वात्सल्य नव्हे, ही ज्ञानाची वाटणी आहे. असे पाहिले तर २०२१ सालच्या आशा कार्यकर्त्या सावित्रीबाईंच्या कॅलेंडरपेक्षा सावित्रीबाईंच्या जास्त जवळ आहेत. घरोघर जाऊन ताप मोजणाऱ्या, लसीसाठी समजूत घालणाऱ्या, शिव्या खाणाऱ्या या बायांना सरकारने ‘योद्धा’ म्हटले आणि तुटपुंज्या मानधनावर ठेवले. जून २०२१ मध्ये राज्यभरातल्या आशांना संपावर जावे लागले. शास्त्र लोकांपर्यंत नेणाऱ्याला मजुरी द्यायची नाही आणि लोक शास्त्र मानत नाहीत म्हणून परिसंवाद भरवायचे, हा आपला शिरस्ता.

दलित साहित्याने या साथीकडे अजून पुरते पाहिलेले नाही, ही माझी तक्रार आहे. टाळेबंदीवर मराठीत खूप लिहिले गेले, त्यात बाल्कनीतून दिसणारा रिकामा रस्ता फार. तो रस्ता झाडणारा कमी. स्मशानात पाळ्या करून प्रेते जाळणारा त्याहून कमी. मी वर्गात मुलांना त्या वर्षाविषयी, कल्पित काही न घालता, लिहून आणायला सांगितले. बहुतेकांनी वर्तमानपत्रातले लिहिले. एका मुलीने चार पाने आणली. तिची आई कंत्राटावर झाडूकाम करते. फेब्रुवारी २०२१ मध्ये सफाई कामगारांना आघाडीचे कर्मचारी म्हणून पहिल्या रांगेत लस मिळाली, तशी तिलाही मिळाली. ज्या बाईला वर्षभर हातमोजे मागावे लागले तिचा नंबर एकाएकी पहिला कसा लागला, याचे चाळीत सगळ्यांना नवल. पुढे आठ दिवस शेजारच्या बाया रोज काही ना काही निमित्त काढून घरी येत. कुणी साखर मागायला, कुणी नुसतीच. त्या हिला पाहायला येत होत्या. ताप उतरला का, जेवते का, हात उचलतो का. आईला ते पहिल्याच दिवशी कळले होते. नवव्या दिवशी ती कामावर गेली, आणि दुपारी चाळीतल्या दोघीजणी तिला कचऱ्याच्या गाडीपाशी येऊन विचारू लागल्या की, टोचायला कुठे जायचे, कागद कोणता लागतो.